व्याह्यांशी कुठल्या भाषेत बोलायचं?

प्रश्न : मी मिरजेचा, गणिताचा निवृत्त शिक्षक. वय 64. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. सून सर्बियातल्या नोवी सादची. तिच्या आईवडिलांना सर्बियनखेरीज दुसरी भाषा येत नाही. आम्हा दोघांना मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. लग्नात आम्ही चौघं एकमेकांकडे बघून नुसते हसत बसलो. आता 19 डिसेंबरला त्यांनी त्यांच्या घरच्या 'स्लावा' नावाच्या कुलाचाराला बोलावलं आहे. मार्चमध्ये आम्ही आजी-आजोबाही होणार आहोत.

मी सर्बियनचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. सात विभक्ती, दोन लिप्या, प्रत्येक क्रियापदाची जोडी. त्याच सुमारास एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली जागतिक भाषा हाती लागली. सोळा नियम, अपवाद नाहीत. गणिताच्या माणसाला आणखी काय हवं? म्हणून वाटतं, व्याह्यांनाही एस्पेरांतो सुचवावी. त्यांनी मराठी शिकायला नको, आम्ही सर्बियन शिकायला नको, दोघांनी मध्यावर भेटावं. कमीपणा कुणालाच नाही. तेही जमत नसेल, तर मी आधी एस्पेरांतो पक्की करून मग सर्बियनकडे वळू का? ती चांगली पायरी ठरते असं वाचलं आहे. सौ. म्हणते, मोबाईल करतो की भाषांतर, कशाला डोकेफोड!

उत्तर : नमस्कार सर,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचंही तेच. काकूंचं निम्मं बरोबर आहे. सर्बियन शिकायला घ्या आणि या आठवड्यातच घ्या. एस्पेरांतो सोडू नका, पण व्याह्यांशी बोलायचं काम तिच्यावर टाकू नका. नुसतं उत्तर लिहिलं तर तुम्ही मार्क देणार नाही, म्हणून रीतही दाखवते.

मध्यावर भेटायची कल्पना खुद्द एस्पेरांतो बनवणाऱ्या झामेनहोफची. लुडविक झामेनहोफ 1859 मध्ये ब्यालिस्टोकला जन्मला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गावात ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन, बेलारूसी. प्रत्येकाची बोली निराळी आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर संशय. पुढे वॉर्सात डोळ्यांचा डॉक्टर झालेल्या या माणसाने 1887 मध्ये आपल्या भाषेची पहिली पुस्तिका काढली, आणि तिच्या छपाईला पैशांची मदत केली ती त्याच्या सासऱ्याने. सासऱ्यांनी जावयाच्या भाषावेडाला पैसे पुरवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. कुणी कुणावर आपली भाषा लादू नये, दोघांनी मिळून तिसरी शिकावी, आणि ती लवकर यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हे म्हणणं खरं ठरलंही. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-स्यूर-मेर इथे पहिली जागतिक एस्पेरांतो परिषद भरली, तेव्हा निरनिराळ्या देशांतली माणसं दुभाष्याशिवाय एकमेकांशी बोलली. ही परिषद 1973 मध्ये बेलग्रेडलाही झाली होती. तुमच्या सुनेच्या वॉइवोदिना प्रांतातलं सुबोतित्सा हे गाव तर तिबोर सेकेल्य या प्रवाशाचं शेवटचं मुक्कामाचं ठिकाण. अर्धं जग फिरलेला, नेपाळवर एस्पेरांतोतून पुस्तक लिहिलेला हा गृहस्थ 1988 मध्ये तिथेच वारला. आपल्याकडचं म्हणाल, तर पुण्यातही भाषाशास्त्र शिकवलेले प्रबाल दासगुप्त 2007 ते 2013 या काळात जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते. थोडक्यात, तुम्ही काही भलत्याच नादाला लागलेला नाहीत.

पण या सगळ्या लोकांत एक गोष्ट समान होती. ते स्वतःहून आले होते. तुमच्या व्याह्यांनी असं काही मागितलेलं नाही. तुम्ही त्यांना समता देऊ करताय, त्यांच्या पदरात मात्र गृहपाठ पडतोय. शिवाय स्लावाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. घर दिवसभर माणसांनी भरलेलं. सुनेची मावशी, मामा, शेजारी, वडिलांचे जुने सहकारी. आणि एका कोपऱ्यात तुम्ही चौघं एस्पेरांतो बोलताय, जी त्या घरात दुसऱ्या कुणालाच कळत नाही. लग्नात निदान हसणं तरी सगळ्यांना समजत होतं!

तुमच्या पत्रातला 'कमीपणा' हा शब्द मला जरा खटकला, तेही सांगते. व्याह्यांच्या घरी जाऊन त्यांच्या भाषेत चारदा चुकणं यात कमीपणा कसला? सुनेच्या आईनेही उद्या मिरजेला येऊन 'मी जेवला' म्हटलं, तर काकूंना ते हवंच असेल.

आता सर्बियनच्या भीतीकडे वळू. तुम्ही दोन्ही भाषा शून्यापासून मोजल्यात, तिथे हिशेब चुकला. ज्याला दुसरी कुठलीच भाषा येत नाही अशा माणसाला एस्पेरांतो सोपी आणि सर्बियन अवघड, यात वादच नाही. तुम्ही मात्र मराठी घेऊन बसला आहात, आणि पुस्तकाने तुम्हाला ज्या गोष्टींनी घाबरवलं त्यांतल्या बऱ्याच तुम्ही जन्मभर, विचार न करता करत आलात.

विभक्तीच घ्या. सुनेच्या गावाचं नाव नोवी साद, अर्थ साधारण 'नवी लागवड'. 'नोवी सादहून' म्हणायचं तर 'इझ नोवोग सादा'. 'नोवी सादमध्ये' म्हणायचं तर 'ऊ नोवोम सादू'. गावाचं नाव बदललं आणि वर त्याचं विशेषणही बदललं. इंग्रज माणूस इथे कपाळाला हात लावतो. पण आपण काय करतो? पुणे, पुण्यात, पुण्याहून. नवं घर, नव्या घरात. तुमच्या वर्गातल्या एकाही पोराने 'पुणेत' म्हटलेलं तुम्ही खपवून घेतलं नसतं. शब्दाचं रूप आधी बदलायचं आणि मग अर्थ पुढे न्यायचा, ही सवय आपल्या जिभेला आहेच. सातातली संबोधनाची विभक्तीही आपल्याला परकी नाही. देव चं 'देवा', मुलं चं 'मुलांनो' आपण करतोच. शिवाय चतुर्थी आणि सप्तमीची रूपं तिथे बहुतेक सारखीच असतात, त्यामुळे सात हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही.

एस्पेरांतोत यातलं काही नाही. तिथे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी लावायचं, नाम आपलं जागच्या जागी. फक्त कर्माला 'न' जोडायचा. अपवाद नसलेल्या या 'न'वर तुम्ही खूश असणार, पण एक गंमत पाहा. मराठीत आपण 'बस बघतो' पण 'वेटरला बघतो'. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, सजीवाला आहे. सर्बियन पुल्लिंगी नामांचं एकवचनात हुबेहूब असंच चालतं : 'विदिम आउतोबुस', बस दिसतेय, शब्द तसाच राहिला, 'विदिम कोनोबारा', वेटर दिसतोय, 'कोनोबार'चं 'कोनोबारा' झालं. एस्पेरांतो दोघांनाही 'न' लावते, 'मी वीदास बुसोन', 'मी वीदास केल्नेरोन'. (हो, तिथेही 'मी' म्हणजे मीच.) नियम म्हणून एस्पेरांतोचा अधिक स्वच्छ, पण मराठी डोक्याला न सांगता कळणारा सर्बियनचाच.

लिंगांचंही तसंच. तीन लिंगं, तो-ती-ते. उलट आपल्यापेक्षा सोय जास्त : शब्द व्यंजनावर संपला की बहुधा पुल्लिंगी, 'आ'वर संपला की स्त्रीलिंगी, 'ओ' किंवा 'ए'वर संपला की नपुंसकलिंगी. थोडे अपवाद आहेत, पण मराठीत 'भिंत' स्त्रीलिंगी का आणि 'दार' नपुंसकलिंगी का हे परक्या माणसाला समजावून पाहा, मग कळेल कोण अवघड ते. भूतकाळात क्रियापदही बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं. तुम्ही म्हणाल 'इशाओ साम', काकू म्हणतील 'इश्ला साम'. म्हणजे मी गेलो, मी गेले. एस्पेरांतोत दोघांनाही 'मी ईरिस'.

उच्चारांची तर काळजीच नको. दोन्ही भाषा जसं लिहिलं तसं वाचायच्या. एस्पेरांतोत अठ्ठावीस अक्षरं, सर्बियनमध्ये तीस, आणि एका अक्षराला एकच ध्वनी. दोन्हींत 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च ही वेगवेगळी अक्षरं आहेत. हिंदीवाल्याला हा पहिला च मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही. सर्बियनमध्ये 'चार'सारखे दोन च आहेत, एक जरा जाड आणि एक पातळ. त्या भानगडीत सध्या पडू नका, तिकडचेही काही लोक त्यांत गोंधळ करतात. आणि आपण 'रु' म्हणून घालवून टाकलेला ऋ तिथे जिवंत आहे. रक्त म्हणजे 'कृव', बोट म्हणजे 'पृस्त', मृत्यू म्हणजे 'स्मृत', मेलेला 'मृताव'. देशाचं नावसुद्धा ते 'सृबिया' असंच उच्चारतात.

हे सरळ लेखन आपोआप आलेलं नाही. एस्पेरांतो 'बनवलेली' आणि सर्बियन 'वाढलेली' असं कुणीही म्हणेल, पण प्रमाण सर्बियनमध्येही एका माणसाचा हात मोठा आहे. वुक काराजिच, जन्म 1787, तृशिच नावाच्या खेड्यातला. त्याआधी तिकडे लिहायची भाषा म्हणजे चर्चच्या जुन्या स्लाव्हिक वळणाची, सामान्य माणसाला परकी. वुकने 1818 मध्ये व्हिएन्नाहून कोश छापला, तो खेड्यापाड्यांत बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा, आणि त्यासाठी अक्षरमाला छाटून-जोडून नवी केली. लॅटिनमधलं 'य'चं अक्षर सिरिलिकमध्ये आणलं म्हणून धर्मगुरू खवळले. 1864 मध्ये तो गेला, आणि सर्बियात त्याच्या लेखनपद्धतीवरची शेवटची बंधनं उठली ती त्यानंतर चार वर्षांनी. तुम्हाला एस्पेरांतोच्या लेखनात जी शिस्त भावते, ती सर्बियनला झामेनहोफच्या जन्माआधी मिळालेली होती. फरक इतकाच, की वुकने नियम बसवले ते आधीच बोलल्या जाणाऱ्या भाषेवर.

त्या सोळा नियमांबद्दलही थोडं. ते कमी आहेत, कारण 1887 चा वाचक युरोपियन भाषा जाणणारा असणार हे धरून ते लिहिले होते. बरंच काही न सांगता सोडलेलं आहे, आणि ते वाचूनच अंगवळणी पडतं. 'सीआ' हा शब्द तुम्ही शिकला असालच, म्हणजे आपला 'आपला'. 'तो आपल्या बायकोशी बोलला' आणि 'तो त्याच्या बायकोशी बोलला', यातली दुसरी बायको कुणाची याची चौकशी करावी लागते. हा भेद मराठीत आहे, एस्पेरांतोत आहे आणि सर्बियनमध्येही 'स्वोय' या शब्दाने होतो. पण 'मी आपलं काम करतो' असं मराठीत चालतं, सर्बियनमध्येही चालतं. एस्पेरांतोत 'सीआ' फक्त तृतीयपुरुषाला लागतो. असे कानेकोपरे नियमांच्या यादीतून दिसत नाहीत.

आणि आता ज्यावरून तुम्ही पत्र लिहिलंत ते, म्हणजे नातेवाईक. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगते.

एस्पेरांतोत वडील 'पात्रो' आणि आई 'पात्रीनो'. बापाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून आई, म्हणजे चक्क बापीण. यावर एस्पेरांतोवाले आपापसांतही भांडतात. काकी, मामी, आत्या, मावशी या चौघी 'ओंक्लीनो'. सासरचं नातं दाखवायला 'बो' जोडायचा, की झालं : 'बोपात्रीनो' सासू, 'बोफ्रातो' म्हणजे दीर, मेव्हणा, सगळेच. अत्यंत सुटसुटीत. आमच्या घरात कुणी असं बोललं तर दिवाळीचं एकही आमंत्रण योग्य माणसाकडे पोचणार नाही.

सर्बियनमध्ये काका 'स्त्रित्स', मामा 'उयाक', काकी 'स्त्रिना', मामी 'उय्ना'. आत्या आणि मावशीला मात्र एकच, 'तेत्का'. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', म्हणजे संस्कृत देवर, म्हणजे आपला दीर. नवऱ्याचे आईवडील 'स्वेकृवा' आणि 'स्वेकार'. श्वश्रू आणि श्वशुर शेजारी लिहून बघा. सून 'स्नाहा' किंवा 'स्नाया', संस्कृतात स्नुषा, त्याच शब्दाची आपली सून. जावांना एकमेकींची ओळख 'येतृवा' अशी. संस्कृतात ती यातृ, आणि तिथूनच आपली जाऊ. हे उसने घेतलेले शब्द नव्हेत, दोन्ही भाषांच्या पूर्वजांकडून आलेले आहेत. बायकोच्या भावाला 'शुराक' म्हणतात. बायकोच्या बहिणीला, हसू नका, 'स्वास्तिका' म्हणतात. साडूलाही स्वतंत्र शब्द आहे, 'पाशेनोग', पण तो तुर्की कुळातल्या भाषेतून आला. इंग्रजीत या सगळ्या गर्दीला एकच शेपूट लावून मोकळे होतात, आणि एस्पेरांतोने या बाबतीत पश्चिम युरोपाचीच वाट धरली.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे व्याही आणि विहीण यांना सर्बियनमध्ये खास शब्द आहेत. व्याही म्हणजे 'प्रियातेल्य'. याचाच दुसरा अर्थ मित्र. विहीण म्हणजे 'प्रिया'. मूळ आपल्या 'प्रिय'चंच. व्याह्यांना हाक मारताना 'प्रियातेल्यु', विहिणीला 'प्रियो'. तुम्ही विहिणीला सगळ्यांसमोर प्रिया म्हणणार आहात, हे काकूंच्या कानावर आधीच घाला. एस्पेरांतोत हे नातं सांगायचं तर जोडून जोडून वाक्य करावं लागेल, आणि समोरचा विचारेल, म्हणजे नक्की कोण?

तुर्की अमलामुळे काही शब्द असे आहेत की तुम्ही भाषा न शिकताही ओळखाल. दुकानात गल्ल्यावरची बाई विचारेल 'केसा?' म्हणजे पिशवी हवी का. आपला खिसा तोच, फारसीतून आलेला. 'बाक्शिश' म्हणजे वेटरला ठेवायची टीप. 'शेचेर' साखर, 'चाय' चहा. 'दुचान' म्हणजे दुकान, जरा जुना शब्द.

सगळंच इतकं सोपं आहे असं मात्र समजू नका. क्रियापदांच्या जोड्या खरोखर छळतात. 'पिओ साम काफू' म्हणजे मी कॉफी पीत होतो, 'पोपिओ साम काफू' म्हणजे पिऊन टाकली. आपणही 'टाकणे', 'झाले', 'बसलो' लावून हेच करतो, पण आपला सहायक क्रियापदांचा साचा ठराविक आहे. तिथे कुठल्या क्रियापदाला कुठला उपसर्ग लागेल हे एकेक करून पाठ करावं लागतं. संख्येचीही भानगड आहे : दोन-तीन-चारला एक रूप, पाचपासून दुसरं. 'द्वा सिना', दोन मुलगे; 'पेत सिनोवा', पाच मुलगे. गणिताच्या माणसाने याचा राग धरू नये. 'साम', 'गा', 'मी' असले बारके शब्द वाक्यात दुसऱ्याच जागी बसले पाहिजेत, हा हट्ट बोलता बोलता कानाला कळतो. आघात चार प्रकारचे आहेत आणि ते लिहून दाखवत नाहीत; 'ग्राद' लांबवला तर शहर, आखूड म्हटला तर गारा. तुम्ही ते सगळे सोडून द्या. डिसेंबरात गारांबद्दल बोलताय असं कुणी समजणार नाही.

पायरीचं काय? एस्पेरांतो आधी शिकवली तर पुढची भाषा लवकर येते, असे प्रयोग शाळांमधून झालेले आहेत. ते बहुतेक एस्पेरांतोच्या चाहत्यांनी केले, आणि लहान प्रमाणावर. मी त्यांना फार वजन देत नाही. पण ते खरे धरले तरी एकच भाषा येणाऱ्या मुलाला जो फायदा होईल, तो तीन भाषा येणाऱ्या तुम्हाला कसा होणार? व्याकरण म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. शब्दांचा उपयोगही थोडाच, कारण झामेनहोफ स्लाव्हिक भाषांत वाढला तरी त्याने मुळं घेतली ती मुख्यतः लॅटिन कुळातून आणि जर्मन-इंग्रजीतून. 'कोल्बासो' हा सॉसेजसाठीचा शब्द तुम्हाला सर्बियन 'कोबासित्सा' ओळखायला मदत करेल. असे आणखी थोडे सापडतील, पण त्यावर घर चालणार नाही. शिवाय सर्बियन शिकल्याने क्रोएशिया, बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोतही बोलता येतं. भाषांची नावं आता वेगळी झाली आहेत, पण माणसं एकमेकांचं बोलणं समजतात. आणि मार्चमध्ये येणारं नातवंड आईकडून सर्बियनच ऐकणार आहे.

एक योगायोग सांगून पुढे जाते. सर्ब आणि क्रोएट यांची भाषा एकच, असा करार विद्वानांनी केला तो नोवी सादमध्येच, डिसेंबर 1954 मध्ये. त्याच महिन्यात मॉन्टेव्हिडिओला युनेस्कोने एस्पेरांतोच्या कार्याची दखल घेणारा ठराव केला. करार पुढे मोडला. ठरावाने एस्पेरांतो कुठल्याही देशाची राजभाषा झाली नाही.

काकूंच्या मोबाईलचं : जरूर न्या. औषधाच्या दुकानात, विमानतळावर, बसच्या वेळापत्रकासाठी तो लागेल. जेवणाच्या टेबलावर मात्र प्रत्येक वाक्याआधी फोन पुढे करावा लागला, तर दहा मिनिटांत सगळे गप्प होतात.

आता डिसेंबरपर्यंत काय करायचं. सिरिलिक आधी उरकून टाका. अक्षरांची संख्या देवनागरीपेक्षा बरीच कमी आहे आणि जोडाक्षरं नाहीत. फसवी अक्षरं तेवढी बघा : इंग्रजी पीसारखं दिसणारं अक्षर 'र' आहे, एचसारखं 'न', सीसारखं 'स', बीसारखं 'व'. 2006 च्या राज्यघटनेनुसार सरकारी लिपी सिरिलिक आहे, पण दुकानांच्या पाट्या आणि मासिकं लॅटिनमध्येही भरपूर. सून व्हॉट्सॲपवर लिहील ते बहुधा लॅटिनमध्येच, तेही अक्षरांवरच्या खुणा गाळून. त्याला तिकडे 'शिशाना लातिनित्सा', म्हणजे केस भादरलेली लॅटिन म्हणतात. एस्पेरांतोवाले खुणा नसल्या की अक्षरापुढे एक्स लावतात, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. सर्बियनमध्ये होतो. सुनेला सांगा, बाबांना लिहिताना खुणा घाल.

तिच्याकडून रोज एक वाक्य आवाजात मागवा. विभक्तींचे तक्ते भिंतीला लावू नका, हा मोह तुम्हाला होणारच. 'नोवोम सादू' हे अख्खं तोंडात बसवा, कारण नंतर शोधा. तिच्या आईवडिलांना सुरुवातीला 'वी' म्हणा, म्हणजे तुम्ही. ते स्वतः 'ती' वर आले, म्हणजे तू वर, की मग तुम्हीही या. एस्पेरांतोत 'वी' एकच आहे, तिथली सवय इथे लागू करू नका.

स्लावाबद्दल. प्रत्येक सर्ब ऑर्थोडॉक्स घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. आपल्या कुलदैवताशी ते चांगलंच जुळतं. 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ही प्रथा गेली. 19 डिसेंबर म्हणजे संत निकोलाचा दिवस, सर्वांत जास्त घरांत हाच साजरा होतो. रिवाजाप्रमाणे स्लावाला आमंत्रण करत नाहीत, ज्यांना ठाऊक आहे ते येतात. तुम्हाला बोलावलं ते मुद्दाम. दारात गेल्यावर म्हणायचं : 'स्रेच्ना स्लावा, दोमाचिने!' म्हणजे यजमानांना स्लावाच्या शुभेच्छा. 'दोमाचिन' चं 'दोमाचिने' हे संबोधन, म्हणजे पहिल्याच वाक्यात तुमची सातातली एक विभक्ती वसूल. आत गेल्यावर 'झितो' पुढे येईल, शिजवलेला गोड गहू. चमचाभर घ्यायचा. पेला उचलताना 'झिवेली', आणि जेवायला बसताना 'प्रियात्नो'. गालाला गाल तीनदा लावतात, गडबडून जाऊ नका.

हा दिवस त्यांच्या नाताळच्या उपासाच्या काळात येतो. त्यामुळे धार्मिक घरात ताटात मांस, दूध, अंडी नसतात. अशा जेवणाला 'पोस्नो' म्हणतात, आणि हा शब्द तुम्हाला हॉटेलांतही उपयोगी पडेल. पण 'पोस्नो'मध्ये मासा चालतो आणि त्या दिवशी तो असतोच. तुम्ही मासे खात नसाल तर सांगायचं 'बेझ रिबे'. मासा म्हणजे रिबा, पण 'बेझ'नंतर षष्ठी, म्हणून रिबे.